आधी टेप, मग माउस

हिंगोली जिल्ह्यातल्या कुणीही थ्रीडी मॉडेलिंग शिकायला घेतलं की थोड्याच दिवसांत त्याच्या मनात औंढा नागनाथचं देऊळ येतं. माझ्याही आलं. म्हणून आधीच सांगून टाकतो: पहिलं मॉडेल म्हणून ते घेऊ नका. दुसरं, तिसरं म्हणूनही नको.

औंढ्याचा खालचा भाग यादवकाळातला, हेमाडपंती म्हणून ओळखला जाणारा. वरचं शिखर नंतरच्या काळातलं आणि वेगळ्या घडणीचं. बाहेरची भिंत सरळ अशी जातच नाही. ती सारखी आत-बाहेर वळते आणि प्रत्येक वळणावर मूर्तींचे थर आहेत. समोरून काढलेल्या फोटोत ही वळणं सपाट होतात. फोटो मागे लावून त्यावरून भिंत ओढत नेली, तर समोरून झकास दिसणारं देऊळ बाजूला फिरवल्यावर नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखं दिसतं. खोली किती, हे फोटो सांगत नाही. ती आपण अंदाजाने भरतो. त्यात मूर्ती कोरायला घेतल्या की पॉलिगॉन लाखांच्या घरात जातात आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप मान टाकतो. शिवाय गावचे जाणकार बसलेलेच असतात. नंदी समोर मांडला तर शाळकरी पोरसुद्धा सांगतं, औंढ्याला तो मागच्या बाजूला आहे. नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा आपल्याकडे पोरं पाळण्यातच ऐकतात.

देवळाची आवड सोडा असं मी म्हणत नाही. पण नवशिक्याने अशी वस्तू घ्यावी, जी हातात धरता येते, उलटी करता येते, आणि जिला टेप लावता येतो. हा काही माझा शोध नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांना संगणकावर दाखवायला एखादा आकार हवा होता. घरी चहाला बसले असताना पत्नी सँड्रा यांनी समोरच्या चहाच्या भांड्यांचंच मॉडेल करायला सुचवलं. न्यूएलनी आलेखाच्या कागदावर किटली काढली, कागदावरचे आकडे घेतले आणि मग ते संगणकाला दिले. तीच पुढे जगभर ‘युटा टीपॉट’ म्हणून गाजली. थ्रीडीएस मॅक्समध्ये ती आजही तयार आकार म्हणून मिळते आणि मूळ किटली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. गंमत म्हणजे संगणकातली किटली खऱ्या किटलीपेक्षा बुटकी आहे. एवढ्या प्रसिद्ध मॉडेलचं माप बदललेलं चालून गेलं, कारण तिच्यात कुणाला चहा करायचा नव्हता.

मी घेतली तिफण. आमच्या गोठ्याच्या भिंतीला ती टेकून उभी होती. ट्रॅक्टरची पेरणी आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. शिकणाऱ्यासाठी ही वस्तू फार गुणाची आहे. बी सोडायचं चाडं गोल, म्हणून त्याच्या अर्ध्या बाजूची नुसती कड काढायची आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या स्पिनने भोवती फिरवायची. नळे म्हणजे जाडी दिलेल्या वक्ररेषा. फण तीन, पण बनवायचा एकच. बाकीचे दोन ॲरे मॉडिफायर ठरावीक अंतरावर उभे करतो. आमच्या तिफणीत फणांमधलं अंतर १८ इंच निघालं. ब्लेंडर मीटरमध्ये चालत असला तरी आकड्यापुढे इंचाची खूण टाकली की तो स्वतः बदल करून घेतो. हे माहीत नसेल तर कॅल्क्युलेटर आणि डोकेदुखी.

काम झाल्यावर चित्र गावातल्या सुतारकाकांना दाखवलं. लाकडाची छटा, सावली, सगळं जमून आलं होतं. त्यांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, “बी पडणार कुठून रं?”

मी नळ्यांकडे बोट केलं.

“नळे दिसतेत. चाड्याला भोकं कुठंयत?”

भोकं नव्हती. नळ्यांची तोंडं मी चाड्याच्या बुडात नुसती खुपसली होती. बाहेरून जोड बेमालूम दिसत होता, आत मात्र एका भरीव वस्तूत दुसरी घुसलेली होती. पडद्यावर हे खपून जातं. थ्रीडी प्रिंटला फाईल दिली की तिथेच घोटाळा होतो, कारण यंत्राला आत कुठं आणि बाहेर कुठं हे नेमकं कळावं लागतं. काकांनी मग तिफण आडवी पाडून एकेक जोड दाखवला: कुठं खाच आहे, कुठं पाचर ठोकली आहे, मधला नळा आखूड का आणि बाजूचे लांब का. मॉडेलिंगचा माझा खरा पहिला तास तो. म्हणून ज्याचा जोड उलगडून दाखवणारं माणूस गावात आहे, अशी वस्तू निवडा. अडकित्ता घ्या, जातं घ्या, बैलगाडीचं चाक घ्या. मोजमाप घेताना कागदावर समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रं काढा. मग संगणक उघडा.

संगणकावर बसल्यावर दोन गोष्टी नवशिक्याला हटकून छळतात, आणि दोन्ही पडद्यावर दिसत नाहीत. एक म्हणजे स्केल. ब्लेंडर उघडला की समोर जो घन दिसतो, तो दोन मीटरचा असतो. तो एस दाबून ताणत नेला तर वस्तू मोठी दिसते, पण आतल्या हिशेबात तो ताण तसाच राहतो. मग कोपरे गोल करायला गेलं की एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी गोलाई येते. कंट्रोल-ए दाबून स्केल ‘अप्लाय’ केलं की हे थांबतं. दुसरी, पृष्ठभागाची दिशा. प्रत्येक पृष्ठाला बाहेरची आणि आतली बाजू असते. ती उलटी पडली की मॉडेलवर काळे डाग येतात. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं की बहुतेक वेळा सुटतं.

स्केलवरून आठवलं. आपल्या जिल्ह्यात औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे, तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. एका शाळकरी मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी ती खऱ्या मापात काढायला घेतली आणि थोडं मागं सरकताच सगळंच गायब! बिचारा पुन्हा पुन्हा काढत बसला. काहीही पुसलं गेलं नव्हतं. ब्लेंडरची खिडकी मुळात एक हजार मीटरपर्यंतचंच दाखवते. एन दाबून ‘व्ह्यू’मधला ‘क्लिप एंड’ वाढवावा लागतो.

सामानाचं थोडक्यात सांगतो. चाकवाला तीन बटणांचा साधा वायरवाला माउस घ्या. टचपॅडवर मॉडेल फिरवत बसलात तर मनगट दुखेल आणि विषयच नकोसा होईल. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर आपल्याकडच्या विजेवर विसंबू नका. ‘सेव्ह ॲज’मधलं अधिकचं चिन्ह दाबलं की फाईलच्या नावापुढचा आकडा वाढतो, दर मोठ्या बदलानंतर ते करा, म्हणजे जुनी फाईलही हाताशी राहते. व्हिडिओ पाहून शिकताना तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा. २०१९ च्या जुलैत आलेल्या २.८ आवृत्तीने ब्लेंडरचा चेहराच बदलला. त्याआधीच्या व्हिडिओत वस्तू उजव्या बटणाने निवडतात, म्हणून कितीतरी जण माउस बिघडला असं समजतात.

आणि चोरीचं सॉफ्टवेअर कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलं तर घेऊ नका. त्याच्याबरोबर व्हायरस येतो, हे झालंच. पण त्याची गरजही नाही. ब्लेंडर फुकट आहे आणि तो कायद्याने फुकट आहे. नेदरलँड्सच्या टोन रोझेंडाल यांनी तो सुरू केला. पुढे कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून तो मोकळा करून घेतला. ‘फ्लो’ हा लाटव्हियन चित्रपट त्याच्यावर बनला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

मात्र सगळ्याच कामाला ब्लेंडर नाही. हळदीच्या कुकरचा सांगाडा करणाऱ्या एका वर्कशॉपवाल्याला मी चित्र नेऊन दाखवलं. त्याने विचारलं, “पत्रा किती गेजचा? कट कुठं मारायचा?” चित्राकडे उत्तर नव्हतं. चित्र, खेळ, सिनेमा करायचा असेल तर ब्लेंडर शिका. लोखंड कापायचं असेल तर फ्रीकॅडसारखं कॅड शिका, तेही फुकट आहे. तिथे माप बदललं की त्यावर बेतलेली बाकीची मापं आपोआप बदलतात आणि कारागिराच्या हाती द्यायचा नकाशाही निघतो. दोन्ही एकदम सुरू केलं तर दोन्ही अर्धवट राहतात, हे मी बघितलं आहे.

राहिला क्लासचा प्रश्न. शहरातल्या एका क्लासने नोकरीच्या हमीवर माझी फी घेतली. प्रमाणपत्र मिळालं, नोकरीचं नाव कुणी काढलं नाही. सगळेच तसे नसतात, शिकवणारेही भेटतात. ओळखायची एक सोपी रीत आहे. भिंतीवर लावलेली चकचकीत चित्रं पाहू नका. मागच्या तुकडीतल्या एखाद्या विद्यार्थ्याची मूळ फाईल उघडायला सांगा आणि वायरफ्रेम दाखवा म्हणा, म्हणजे रंग-पॉलिश काढल्यावर उरणारं रेषांचं जाळं. जाळ्यातले चौकोन नीट ओळीने चाललेत का आणि मापं लिहिलीत का, तेवढं बघा. फाईल ‘सध्या इथं नाही’ असं उत्तर आलं, तर त्यांचा चहा प्या आणि दुपारच्या गाडीने परत या.