मूत्रपिंडाचा रोगी आणि त्याचे हृदय

नीरा नदीच्या काठी, ऊसशेतीच्या पट्ट्यात वसलेले सांगवी हे बारामती तालुक्यातील गाव. अशा गावात कोणी अंथरुणाला खिळले, की सोयरेधायरे आणि शेजारीपाजारी भेटीस येतात. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून कोणी शहाळे आणतो, कोणी केळी, तर कोणी मोसंबी. ही रीत जिव्हाळ्याची आहे आणि बहुतेक आजारांत ती निरुपद्रवीही आहे. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, अशा रोग्याच्या घरी प्रेमाने नेलेले तेच शहाळे त्याच्या हृदयाची गती बिघडवू शकते. प्रसंगी हृदय बंदही पाडू शकते.

आजार मूत्रपिंडाचा आणि धोका हृदयाला, हे ऐकताना विचित्र वाटते. तथापि वैद्यकशास्त्राचा अनुभव नेमका हाच आहे. मूत्रपिंडविकाराच्या प्रगत अवस्थेतील रोग्यांमध्ये जे मृत्यू होतात, त्यांपैकी सुमारे निम्मे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होतात. डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याचे रक्षण करावयाचे, तर प्रथम त्याच्या हृदयाचे रक्षण करावयास हवे.

परस्परांवर अवलंबून असलेली इंद्रिये

विश्रांतीच्या वेळी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. तेथे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व द्रव शरीर परत घेते आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीच्या रूपाने बाहेर पडतो. टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे एवढेच मूत्रपिंडांचे कार्य नाही. रक्तदाब आवाक्यात ठेवणे, पाणी व क्षार यांचा तोल राखणे, रक्त तयार होण्यास चालना देणारे संप्रेरक निर्माण करणे आणि हाडांसाठी आवश्यक असलेले ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करणे ही कामेही तीच करतात. यांपैकी प्रत्येक कामाचा हृदयाशी संबंध आहे. त्यामुळे मूत्रपिंडे थकली, की त्यांचा भार हृदयावर येऊन पडतो.

इतिहासाची साक्ष

हा संबंध आजकालचा शोध नव्हे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्ये मूत्रपिंडविकाराच्या शंभर रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील अनेकांचे हृदय वाढलेले असल्याचे त्यांना आढळले होते. त्या काळी रक्तदाब मोजण्याचे साधनही डॉक्टरांच्या हाती नव्हते.

पुढे नेदरलंड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र बनविले. १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोग्याच्या हातावर कायमची नळी बसविण्याची युक्ती शोधली आणि दीर्घकाळ डायलिसिस करणे प्रथमच शक्य झाले. या पद्धतीचे पहिले रोगी क्लाइड शील्ड्स हे सुमारे अकरा वर्षे जगले. त्यांचा अंत झाला तो हृदयविकाराने. १९७४ मध्ये सिएटल येथील डॉक्टरांनीच दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या रोग्यांच्या रक्तवाहिन्या अकाली कठीण व अरुंद होत असाव्यात, असे निदर्शनास आले.

महाराष्ट्रातील जनतेला हा आजार ठळकपणे परिचित झाला तो लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. जून १९७५ मध्ये त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यानंतर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आयुष्याची अखेरची सुमारे चार वर्षे त्यांनी डायलिसिसच्या आधारे काढली. मधुमेह व हृदयविकार या दोन्ही व्याधी त्यांना होत्या. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. मधुमेह, मूत्रपिंड आणि हृदय या तिन्हींचे दुखणे एकाच देहात कसे एकत्र येते, याचे हे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण होय.

हृदयावर पडणारे भार

पहिला भार पाण्याचा व मिठाचा. लघवी कमी झाली, की प्यालेले पाणी शरीरात साठते, रक्तदाब वाढतो आणि त्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाची डावी बाजू जाड होत जाते. असे हृदय कालांतराने ताठर बनते व थकते.

दुसरा भार रक्तक्षयाचा. मूत्रपिंडातून मिळणारे संप्रेरक कमी पडल्याने रक्त कमी तयार होते. रक्त पातळ झाले, की शरीराला तेवढाच प्राणवायू पुरविण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते.

तिसरा भार फॉस्फरसचा. हे द्रव्य शरीरात साठल्याने कॅल्शियमचा तोल बिघडतो आणि हाडांत राहावयाचा चुना रक्तवाहिन्यांच्या भिंतींत व हृदयाच्या झडपांत साचू लागतो.

चौथा भार पोटॅशियमचा, आणि हा सर्वांत आकस्मिक. हृदयाचे ठोके नियमित पडण्यासाठी रक्तातील पोटॅशियम ठरावीक मर्यादेत असावे लागते. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात. निकामी मूत्रपिंडांना ते जमत नाही. एका शहाळ्याच्या पाण्यात सामान्यतः अर्ध्या ग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. पोटॅशियम फार वाढले, तर हृदय पूर्वसूचनेशिवाय थांबू शकते.

यांखेरीज अनेक रोग्यांना मूळचा मधुमेह असतो. मधुमेहात नसांची संवेदना मंदावत असल्यामुळे हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही. अचानक लागलेली धाप, दरदरून सुटलेला घाम, मळमळ किंवा घेरी एवढीच खूण मिळते. अशा वेळी ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी थांबण्यात अमूल्य वेळ जातो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलावणे हेच श्रेयस्कर.

दोन दिवसांचा खंड

डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास केले जाते. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी यंत्र अवघे १२ तास काम करते. निसर्गाने दिलेली मूत्रपिंडे मात्र १६८ तास अखंड राबत असतात. सोमवार, बुधवार व शुक्रवार असे दिवस ठरलेल्या रोग्याला शुक्रवारनंतर थेट सोमवारीच यंत्र मिळते. अमेरिकेतील ३२ हजारांहून अधिक रोग्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की या दीर्घ खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे व हृदयविकाराचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा अधिक असते.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व फार मोठे आहे. एस.टी. चुकली, मजुरी बुडेल, सोबतीस कोणी नाही, घरात लग्नकार्य आहे, अशा कारणांनी एक पाळी चुकली, तर दोन दिवसांचा खंड चार दिवसांचा होतो. अंगात साठलेले पाणी फुप्फुसांत उतरते, रोग्याला आडवे झोपता येत नाही आणि हृदयावरील ताण पराकोटीला पोहोचतो. सांगवीसारख्या गावातील रोग्याला वेळेवर बारामतीस पोहोचविणे ही म्हणूनच औषधाइतकीच महत्त्वाची बाब आहे.

घरच्या स्वयंपाकात

रोज वजन करणे हा या रोग्याचा सोपा हिशेब आहे. दोन पाळ्यांच्या दरम्यान एक किलो वजन वाढले, म्हणजे सुमारे एक लिटर पाणी साठले. पाणी कमी प्यावयाचे, तर आधी मीठ कमी केले पाहिजे, कारण मीठ तहान वाढविते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ आणि मिठाचा ठेचा यांचा मूत्रपिंडाच्या रोग्याने मोह टाळावा. रक्तदाबासाठी विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियमचा क्षार असतो. ते मीठ या रोग्याने वापरू नये.

उपवासाचाही येथे विचार करावयास हवा. बटाटा, रताळे, केळी, खजूर व शहाळे हे एकादशीचे नेहमीचे पदार्थ पोटॅशियमने भरलेले असतात. एका दिवसाच्या फराळात ते एकत्र आले, तर धोका संभवतो. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात व ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे पोटॅशियम बरेच कमी होते. मात्र प्रत्येक रोग्याची गरज निराळी असल्याने आहाराचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, अनोळखी भस्मे, तंबाखू आणि मिश्री यांपासून दूर राहणे सर्वांनाच हितावह आहे.

लवकर निदान हाच खरा उपाय

उपचार किती लवकर सुरू होतो, यावर त्याचा गुण अवलंबून असतो. जर्मनीतील डायलिसिसवर असलेल्या मधुमेही रोग्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध देऊनही लक्षणीय लाभ झाला नाही, असे २००५ मध्ये आढळले. याउलट २०११ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यातील बहुसंख्य रोगी अद्याप डायलिसिसपर्यंत पोहोचले नव्हते, अशाच उपचाराने रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे उद्भवणारे गंभीर विकार सुमारे एक षष्ठांशाने कमी झाले. २०१९ नंतर मधुमेहावरील नव्या गटातील काही औषधे मूत्रपिंड व हृदय या दोहोंचे रक्षण करतात, हेही सिद्ध झाले. परंतु त्यांचा पुरेपूर लाभ आजार वेळीच ओळखला तरच मिळतो.

आजार ओळखण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिन तपासणे आणि रक्तातील क्रिएटिनिन पाहणे या तीन गोष्टी पुरेशा असतात. गरोदर मातेच्या लघवीची तपासणी ज्या पट्टीने केली जाते, तीच पट्टी मधुमेही शेतकऱ्याच्या मूत्रपिंडाची पहिली सूचना देऊ शकते. पायांवर सूज येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे बराचसा काळ हातचा घालविणे होय.

गावाचे कर्तव्य

शासनाच्या असांसर्गिक रोग नियंत्रण कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब व मधुमेह तपासणीची तरतूद आहे. सांगवी येथे प्राथमिक आरोग्य केंद्र असून, बारामती येथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, तर राज्याच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपण हा अनेक रोग्यांसाठी अधिक चांगला मार्ग असून त्यानंतर हृदयाचा धोकाही डायलिसिसच्या मानाने कमी होतो.

या सोयी आणि रोगी यांच्यामधील अंतर कमी करणे मात्र गावाच्याच हाती आहे. ग्रामपंचायतीने आशा स्वयंसेविकांच्या साहाय्याने मधुमेह व रक्तदाबाच्या रोग्यांची यादी करून त्यांची वर्षातून एकदा लघवी व क्रिएटिनिन तपासणी होते की नाही, हे पाहावे. डायलिसिसवरील रोग्यांचे वार नोंदवून त्यांच्या वाहनाची व सोबतीची व्यवस्था लावावी. आरोग्य कर्मचाऱ्यांनी रोग्याच्या फिस्टुला असलेल्या हाताचा रक्तदाब घेऊ नये व त्या हातातून रक्त काढू नये. शिक्षकांनी शरीरशास्त्राच्या पाठात मूत्रपिंड आणि हृदय यांचे नाते समजावून सांगितले, तर ते ज्ञान मुलांबरोबर घरोघर पोहोचेल.

आणि आजाऱ्याच्या भेटीची जुनी रीतही मोडावयास नको. शहाळ्याऐवजी शेजाऱ्याने पुढच्या पाळीला सोबत येण्याचे वचन नेले, तर रोग्याच्या हृदयाला त्याइतके हितकर दुसरे काही नाही.