पाठ १४ : बंद पडलेले इंजिन – दोषाचा शोध

प्रस्तावना

दिल्लीच्या दक्षिण भागातील मुनिरका हे जुने गाव आता महानगराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. त्याच्या लगतच्या बाह्य वर्तुळाकार मार्गावर दिवसभर वाहनांची रीघ असते. उन्हाळ्यातील भर दुपारी त्या गर्दीत एखादी टॅक्सी एकाएकी बंद पडते. चालक किल्ली फिरवतो. स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर, तीच गाडी काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या चालकाच्या दृष्टीने हा दोष साधा नव्हे. शिवाय वेगात असताना इंजिन थांबले, तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्यही थोड्याच वेळात संपते. अशा दोषामागे पुष्कळदा बोटाएवढा एक भाग असतो. तो कसा ओळखावा व कसा बदलावा, हे या पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• क्रँकशाफ्टच्या सेन्सरचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• लक्षण, अनुमान आणि पुरावा यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• एखाद्या कामाची कृती योग्य क्रमाने लिहिता येईल.

मूळ पाठ

१. बदललेला काळ

१९८३ साली बाजारात आलेली मारुती ८०० ही मोटार आरंभी कार्ब्युरेटरवर चालत असे. त्या काळी कुशल कारागीर इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखत असे. पुढे दिल्लीच्या प्रदूषित हवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली राजधानी क्षेत्रातील नव्या खासगी मोटारींसाठी धुराचे कडक निकष लागू करण्याचा आदेश दिला. असे निकष पाळायचे, तर इंधनाचे माप आणि ठिणगीची वेळ अधिक अचूक हवी. त्यामुळे कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंधन फवारणारी, संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारी इंजिने सर्वत्र आली. कारागिराच्या कानाला आता मोजमापाची जोड आवश्यक झाली.

२. सेन्सर काय करतो?

सिलिंडरमधील दट्ट्या वर-खाली होतो; त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. ठिणगी केव्हा पाडायची आणि इंधन केव्हा फवारायचे, हे ठरवण्यासाठी दांडा नेमका कोठे आहे, हे संगणकाला क्षणोक्षणी कळावे लागते. ती वार्ता सेन्सर पुरवतो.

दांड्यासोबत एक दातेरी चक्र फिरत असते. अनेक गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते, पण दाते अठ्ठावन्नच असतात. दोन दात्यांची रिकामी जागा ही खूण होय. तिच्यावरून फेऱ्याचा आरंभ कळतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे होतात आणि २९०० दाते सेन्सरपुढून जातात.

सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात चुंबक व तारेचे वेटोळे असते; दाता जवळून जाताच वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले हे तत्त्व आहे. दुसरा प्रकार एडविन हॉल यांना १८७९ साली आढळलेल्या परिणामावर आधारलेला असून त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते.

पहिल्या प्रकारात वेटोळ्याची बारीक तार आतून तुटली, तरी थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकलेली राहू शकतात. इंजिन तापले की ती दुरावतात आणि वार्ता खंडित होते. गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी निवल्यावर सुरू का होते, याचे उत्तर येथे सापडते.

३. निदान

स्टार्टर फिरतो, पण ठिणगी पडत नाही आणि इंधनही फवारले जात नाही. त्याच वेळी फेरे दाखवणारा काटा शून्यावरच राहतो. ही लक्षणे सेन्सरकडे बोट दाखवतात. तथापि बोट दाखवणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. इंधनाचा पंप, रिले किंवा सैल झालेला जोड यांमुळेही इंजिन थांबते.

दोषसंकेत वाचणारे यंत्र अशा वेळी बहुधा 'पी ०३३५' हा संकेत दाखवते. सेन्सरच्या विद्युत मंडलात बिघाड आहे, एवढाच त्याचा अर्थ. मंडलात सेन्सर, जोड, तारा आणि संगणक हे सर्व येतात. म्हणून प्रथम जोड उघडून गंज, तेल व वाकलेल्या पिना पाहाव्यात. तार धुराच्या तापलेल्या नळीला टेकून वितळली आहे काय, हे तपासावे.

त्यानंतर मल्टिमीटर घ्यावा. वेटोळ्याच्या सेन्सरचा विद्युत रोध मोजून गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. हॉल प्रकारात रोध न मोजता वीजपुरवठा आणि संकेत तपासावा. केवळ तारांच्या संख्येवरून प्रकार ठरवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोष ज्या स्थितीत दिसतो त्याच स्थितीत तपासणी करावी. थंड सेन्सरचा आकडा योग्य आला, म्हणून तापल्यावरही तो योग्यच राहील, असे मानता येत नाही.

४. सेन्सर बदलण्याची कृती

सेन्सरची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते : कोठे पुढच्या पुलीजवळ, कोठे इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याशी, तर कोठे इंजिनाच्या बाजूला. पुस्तिकेतील आकृती पाहून ती निश्चित करावी.

(१) इंजिन पूर्ण निवू द्यावे. किल्ली काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.
(२) गाडीखाली शिरायचे असल्यास सपाट जमिनीवर, चाकांना अडण लावून, गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही जाऊ नये.
(३) जोडाची खिट्टी दाबून जोड काढावा; तार ओढू नये.
(४) बोल्ट काढून सेन्सर अलगद हलवत बाहेर घ्यावा. जोर केल्यास तो तुटून आत अडकू शकतो.
(५) जागा कापडाने पुसावी. जुन्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे काय आणि चक्राचे दाते शाबूत आहेत काय, हे पाहावे.
(६) नव्या भागाचा क्रमांक, लांबी व जोड जुन्याशी ताडून पाहावा. दाता व सेन्सर यांतील फट अगदी थोडी असते. लांबीतील लहानसा फरकही घातक ठरतो.
(७) रबरी कड्याला तेलाचा हात लावून सेन्सर हातानेच बसवावा आणि बोल्ट पुस्तिकेत दिला असेल तेवढाच आवळावा.
(८) तार मूळ मार्गाने बांधून जोड लावावा, बॅटरी जोडावी आणि दोषसंकेत पुसावा.
(९) इंजिन पुरेसे तापेपर्यंत गाडी चालवून पाहावी. तापलेले इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे. ही परीक्षा उतरल्यावरच काम पूर्ण झाले असे समजावे.

अनुमानाने एकामागून एक भाग बदलत गेले, तर कधीतरी दोष जाईलही. परंतु प्रत्येक चुकीच्या भागाची किंमत ग्राहकाला मोजावी लागते. आधी पुरावा आणि मग पाना, हा क्रम पाळणे हीच कारागिराची सचोटी होय.

पाठगत प्रश्न

१. चक्रावर दोन दात्यांची जागा रिकामी का ठेवलेली असते?
२. दोषसंकेत मिळताच सेन्सर बदलणे योग्य का नाही?

भाषाविचार

कृती सांगताना या पाठात 'काढावा', 'पाहावे', 'आवळावा' अशी विध्यर्थी क्रियापदे योजली आहेत. तीच सूचना 'काढा', 'पाहा', 'आवळा' अशी आज्ञार्थातही देता येते. 'तार तुटली नसती, तर गाडी थांबली नसती' या वाक्यात मात्र संकेतार्थ आहे.

शब्दार्थ

रीघ – न तुटणारी रांग. निदान – दोषाची निश्चिती. विद्युत रोध – विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. अडण – चाक सरकू नये म्हणून लावलेला ठोकळा. सचोटी – प्रामाणिकपणा.

स्वाध्याय

१. लक्षण, अनुमान व पुरावा यांचे प्रत्येकी एक उदाहरण पाठातून शोधून लिहा.
२. कृतीतील पायऱ्या (१) ते (४) आज्ञार्थात लिहा.
३. तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील एका दुरुस्तीची कृती क्रमवार लिहा. प्रत्येक पायरीचे कारणही द्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. फेऱ्याचा आरंभ संगणकाला कळावा म्हणून.
२. संकेत संपूर्ण मंडलातील बिघाड दर्शवतो. दोष जोडात किंवा तारेतही असू शकतो.