तळ्यांच्या प्रदेशांतील बारमाही सहल

सुटी जवळ आली कीं कोठें जावें, हा प्रश्न घरोघरीं निघतो, आणि पुष्कळांच्या तोंडीं काश्मीर किंवा नैनिताल येतें. परंतु आपल्या महाराष्ट्राच्याच ईशान्य कोपऱ्यांत एक प्रदेश तळ्यांनीं भरलेला आहे. तो म्हणजे भंडारा व गोंदिया. हे दोन्ही जिल्हे १९९९ पर्यंत एकच होते. छत्रपती संभाजीनगराहून नागपूर व तेथून पूर्वेस भंडारा, असा तिकडील मार्ग आहे.

येथील बहुतेक तळीं निसर्गदत्त नाहींत. तीं शेतकऱ्यांनीं बांधलीं आहेत. कोहळी समाज या कामांत विशेष निष्णात होता. जो तळें बांधील त्यास त्या पाण्यावर भिजणारी जमीन गोंड राजे देत, असें परंपरा सांगते. नवेगांव बांध हें प्रसिद्ध तळें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविलें. टेकड्यांमधील खिंडी मातीच्या बांधानें अडवून पावसाचें पाणी साठवावें, एवढीच त्यामागील युक्ति. पुढें लोकांनीं कोलू पाटलांस कोलासुर देव मानून त्यांचें ठाणें तेथील टेकडीवर स्थापिलें.

या प्रदेशास ठराविक हंगाम नाहीं. पावसाळ्यांत अरण्य प्रवाशांस बंद असतें. पण तळीं भरतात, बांधींतून भाताची रोवणी चालते आणि माणसाएवढा उंच सारस पक्षी पाणथळ शेतांत घरटें करतो. महाराष्ट्रांत सारस आतां मुख्यतः याच भागांत उरला आहे. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते व रात्रभर झाडीपट्टीचीं नाटकें रंगतात. हिवाळ्यांत उत्तरेकडील थंड देशांतून बदकांचे थवे नवेगांवच्या पाण्यावर उतरतात. उन्हाळ्यांत रानांतील झरे आटले म्हणजे नागझिऱ्याच्या तळ्यावर गवे, चितळ व क्वचित् वाघही पाणी पिण्यास येतात. नवेगांव व नागझिरा मिळून २०१३ मध्यें व्याघ्रप्रकल्प झाला.

तथापि ही शोभा आपोआप टिकणारी नव्हे. पूर्वीं तळ्यांची व्यवस्था मालगुजार पाहत आणि गांवकरी उन्हाळ्यांत गाळ काढून शेतांत टाकीत. १९५१ मध्यें मालगुजारी संपली व तळीं सरकारकडे आलीं. कागदोपत्रीं त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. लोकांनीं त्याचे 'मामा तलाव' केले! परंतु या मामाची काळजी वाहणारे हात कमी झाले आणि पुष्कळ तळीं गाळानें उथळ झालीं. तळें उथळ झालें म्हणजे प्रथम भात सुकतें, मग ढीवरांची मासळी घटते आणि शेवटीं पक्षीही येईनासे होतात. अलीकडे कांहीं गांवांतील ढीवर बायकांनीं तळ्यांत देशी पाणवनस्पति पुन्हा लावण्याचें काम हातीं घेतलें आहे.

पाण्याची किंमत आम्हां मराठवाड्याच्या लोकांस कोणीं सांगावयास नको. सतराव्या शतकांत मलिक अंबरानें जमिनीखालून नहर आणून आपलें शहर वसविलें. हर्सूलचें तळेंही आपल्या दाराशींच आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, नवेगांवीं जाल तेव्हां बांधावर उभे राहून तो बांधणाऱ्या हातांचें स्मरण करा, तेथें कागदाचा एक कपटाही टाकूं नका, आणि परत आल्यावर एकदां आपल्या हर्सूलच्या तळ्याकडेही त्याच दृष्टीनें पाहा. मग ती सहल सार्थकीं लागली, असें आम्हीं समजूं.