शेक, पेज आणि माझं हिमोग्लोबिन

सुरुवातीलाच एक कबुली देते. गेल्या सेमिस्टरला मी आमच्या फ्लोअरवरच्या पाच जणींना शेकची पावडर विकत घ्यायला लावली. कुठल्या कंपनीची एजंट वगैरे नव्हते हो! मला मनापासून वाटत होतं की हॉस्टेलवाल्यांच्या जेवणाचा प्रश्न मी एकदाचा सोडवला. आता त्या पाच जणींना वेगवेगळं गाठून "माझं चुकलं" म्हणण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावं, म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या, दुरुस्त्या मराठीच्या मॅडमच्या!)

झालं असं. सबमिशनचे दिवस होते. जर्नल अपुरं, प्रोजेक्टचं सर्किट ऐनवेळी बंद पडलेलं. मेसची लाइन, जेवण, ताट ठेवणं, पुन्हा जिने चढणं यात एका वेळेला पाऊण तास जातो. तीन वेळचे मिळून सव्वादोन तास! मी ठरवलं, आता दहा दिवस जेवायचं नाही, प्यायचं. सकाळ, दुपार, रात्र एकेक ग्लास दूध आणि त्यात पावडर. मॅडम याला 'द्रव आहार' म्हणतात. आमच्या रूममध्ये त्याचं नाव होतं 'पिऊन जेवण'.

आधी कोणी केलंय का?

इंजिनिअर कुठलंही काम करताना आधीचं काम बघतो, म्हणून मीही वाचलं. अमेरिकेत 1959 मध्ये 'मेट्रेकल' नावाचं पेय निघालं. दिवसाला 900 कॅलरीज, बाकी काही खायचं नाही. तेव्हा ते खूप चाललं. पुढे 1970 च्या दशकात तिथेच नुसत्या लिक्विड प्रोटीनवर राहून वजन उतरवायची लाट आली, आणि त्यात हृदय बिघडून लोक दगावले. 2013 मध्ये रॉब ऱ्हाइनहार्ट या आपल्यासारख्याच एका इंजिनिअरने जेवणाची पार्ट्स लिस्ट केली आणि सगळे घटक पाण्यात कालवून प्यायला लागला. त्याचंच पुढे 'सॉयलेंट' झालं. पण पहिल्या मिश्रणात तो आयर्न घालायलाच विसरला होता आणि त्याचे हृदयाचे ठोके जोरात पडू लागले, असं त्यानेच सांगितलं. हे वाचून मी हसले होते. तेव्हा हसायला नको होतं!

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात टाइप 2 डायबेटिसच्या पेशंट्सना तीन ते पाच महिने रोज साधारण 850 कॅलरीजच्या शेक आणि सूपवर ठेवलं. 2017 मध्ये निकाल आला. वर्षभराने जवळजवळ निम्म्या लोकांचा डायबेटिस गोळ्या न घेता आटोक्यात होता. म्हणजे द्रव आहार हे थोतांड नाही. पण तिथे दवाखान्याची देखरेख होती, आणि पेशंट्सना वजन कमी करायचं होतं. मला तर फक्त जर्नल पूर्ण करायचं होतं.

डब्यावरचं गणित

पहिले तीन दिवस मजेत गेले. वेळ खरंच वाचला. चौथ्या दिवसापासून रात्री अकरा वाजता हात आपोआप बिस्किटांकडे जायला लागला. पोट भरलेलं वाटे, पण तासाभरात पुन्हा रिकामं. चावून खाल्लेल्या अन्नाने जितका वेळ भूक भागते तितका वेळ पातळ अन्नाने भागत नाही. पोट साफ होण्याचं तर विचारूच नका. सहाव्या दिवशी मी हिशोब मांडला, जो खरं म्हणजे पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता.

आयसीएमआरच्या 2020 च्या तक्त्यात 55 किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईची रोजची गरज दिलेली आहे. त्याच्यासमोर माझे तीन ग्लास, दूध धरून:

ऊर्जा: गरज 1660 कॅलरीज, मिळाल्या 750.
प्रोटीन: गरज सुमारे 46 ग्रॅम, मिळालं 42.
फायबर: गरज सुमारे 25 ग्रॅम, मिळालं 3.
आयर्न: गरज 29 मिलिग्रॅम, मिळालं 15.

म्हणजे प्रोटीनमध्ये फर्स्ट क्लास आणि बाकी सगळीकडे केटी! डब्यावर मोठ्या अक्षरात प्रोटीनच लिहिलेलं असतं, म्हणून मी तेवढंच बघितलं होतं. पैशांचं म्हणाल तर मेसचे आधीच भरलेले, वर रोजचे दीडशेच्या पुढे.

तरीही मी प्रयोग थांबवला नाही. म्हटलं, चारच दिवस राहिलेत.

दहावा दिवस

दहाव्या दिवशी कॉलेजमध्ये रक्तदान शिबिर होतं. अठरा पूर्ण झाल्यापासून मला रक्त द्यायचं होतं. लाइनमध्ये माझ्यामागे माझ्याच सल्ल्याने शेक पिणाऱ्या दोघी उभ्या. बोटाला सुई टोचली आणि डॉक्टर म्हणाल्या, "बाळा, तुला नाही देता येणार. हिमोग्लोबिन 10.6 आहे." रक्त द्यायला निदान 12.5 लागतं, आणि बायकांमध्ये 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. मागच्या दोघींपैकी एक पास झाली, एक माझ्यासारखीच परत फिरली. तिच्याकडे बघवेना.

मी डॉक्टरांना लगेच शेकचं सांगितलं. मला वाटलं, कारण सापडलं. त्या हसल्या. "दहा दिवसांत इतकं उतरत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात. हे कित्येक महिन्यांचं आहे. शेकच्या आधी काय खात होतीस?"

काय खात होते? सकाळी नाश्ता बुडवून चहा. दुपारी भात-वरण, त्यावर लगेच चहा. रात्री मॅगी, कॉफी. शिवाय दर महिन्याला पाळीत रक्त जातं ते वेगळंच. शेकमुळे मी आजारी पडले नव्हते. पण जे आधीच कमी पडत होतं ते मी आणखी कमी केलं, आणि वर पाच जणींना शिकवलं. ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. एनएफएचएस-5 (2019-21) या सरकारी पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया आढळला. आपल्या फ्लोअरवर किती जणींना असेल, मोजून बघा!

मग डॉक्टरांनी जे समजावलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डब्यावर लिहिलेलं आयर्न हा फक्त इनपुट. रक्तात पोचतं ते आउटपुट. धान्य-भाज्यांमधलं आयर्न शरीर थोडंच घेतं. त्यात जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर आणखी कमी. दुधातल्या कॅल्शियमनेही ते अडतं. उलट लिंबू, पेरू, आवळा यांतल्या व्हिटॅमिन सी ने वाढतं. मी काय करत होते? आयर्नची पावडर दुधात घालून, वर कॉफी पीत होते. एफिशियन्सी शिकणाऱ्या मुलीने असं करावं!

काकूंची पेज

मेसमध्ये चपात्या करायला कोलशेत गावातल्या काकू येतात. एकेकाळी रंग-रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं कोलशेत आता टॉवरांचं झालं, तरी खाडीकाठच्या जुन्या घरांत जेवण जुनंच आहे. माझी हकीकत ऐकून काकू म्हणाल्या, "पेज आमी पन पितो. पन नुस्ती कोन पितं गो? संगती सुकट पायजे, कांदा पायजे."

मला एकदम क्लिक झालं. पिऊन जेवणं आपल्याकडे नवीन नाहीच. कोकणात पेज आहे, देशावर ज्वारी-नाचणीची आंबील आहे. पण पेज एकटी येत नाही. सुकटीतून प्रोटीन आणि कॅल्शियम मिळतं, शिवाय मासळीसोबत खाल्लं की धान्यातलं आयर्नही जास्त घेतलं जातं. आंबील आंबवतात, त्यामुळे आयर्न अडवून ठेवणारे धान्यातले घटक कमी होतात. यातलं काहीही काकूंनी पुस्तकात वाचलेलं नाही. मी मात्र वाचूनही केलं नाही.

मग करायचं काय?

1. एखाद्या वेळचं जेवण चुकलं तर शेक चालेल. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात वजन कमी करण्यासाठी एका जेवणाऐवजी घ्यायच्या पेयात 200 ते 400 कॅलरीज असाव्यात, असं आहे. पण तीनही वेळा शेक घ्यायचे असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

2. डब्यावरचे आकडे 100 ग्रॅमचे, एका ग्लासचे की दूध धरून, ते आधी बघा. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दावर जाऊ नका. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही, म्हणून 2024 मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितलं.

3. जेवण आणि चहा-कॉफी यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. मेसमध्ये लिंबाची फोड असते, ती ताटात तशीच टाकून उठू नका.

4. वेळच नसेल तर मोड आलेली मटकी, लिंबू आणि शेंगदाणे. दहा मिनिटांत होतं, आणि चावायला लागतं!

5. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. कमी निघालं तर मैत्रिणीच्या गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांकडे जा.

तीन महिने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या, मेसमध्ये दोन्ही वेळा जेवले. परवा तपासलं, 12.1 आहे. रक्त द्यायला अजून 0.4 कमी. पुढच्या शिबिराला पुन्हा लाइनमध्ये उभी राहणार आहे, आणि त्या पाचही जणींना बरोबर नेणार आहे. तोपर्यंत, सखींनो, उरलेले डबे उघडून बसू नका. साडेआठला खाली या, मी जागा धरून ठेवते!