नाव तेच, पण फाइल तीच का?

गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांचे गाव म्हणून आपल्या कडगंचीचा लौकिक आहे. पोथ्या हाताने उतरून घेण्याच्या काळी कोठे अक्षर चुके, कोठे पदरची ओवी शिरे. म्हणूनच शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. संगणकातील फाइलींनाही असे ताडून पाहावे लागते.

गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवर ‘लिबर ऑफिस’ची फाइल आणली. नाव बरोबर होते. परंतु नाव कोणासही बदलता येते. म्हणून आम्ही प्रथम तिचा ‘हॅश’ काढला.

हॅश म्हणजे जणू फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. ‘शा-२५६’ ही गणिती रीत लहानमोठ्या कोणत्याही फाइलीपासून ६४ चिन्हांचा ठसा तयार करते. इंग्रजी ‘हॅलो’ शब्दाची सर्व अक्षरे लहान लिहिल्यास ठसा ‘२सीएफ२४’ असा आरंभतो. पहिले अक्षर मोठे करताच तो ‘१८५एफ८’ असा होतो. ‘एमडी५’ ही जुनी रीत मात्र आता विश्वसनीय नाही. दोन भिन्न मजकुरांचा ठसा एकच येऊ शकतो, हे २००४ साली सिद्ध झाले.

प्रकाशकांनी आपल्या संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी आमचा ठसा जुळला नाही. फाइल वाटेत बिघडली होती की कोणी मुद्दाम बदलली होती, हे ठशाने सांगितले नाही. ‘ही ती नव्हे’ एवढेच सांगितले. आम्ही ती काढून टाकली आणि मूळ स्थानावरून नवी घेतली.

अमेरिकेतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर संदर्भ ग्रंथालय ज्ञात फाइलींच्या अशा ठशांच्या याद्या ठेवते. जप्त संगणकातील ओळखीच्या फाइली बाजूस सारून तपासनीस उरलेल्यांकडे लक्ष देतात. मात्र त्या यादीत ‘ज्ञात’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे; घातक साधनेही तिच्यात नोंदलेली असतात. आपल्या देशातही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात संगणकीय पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅश नोंदविण्याची तरतूद आहे.

ध्यानात ठेवावे ते इतकेच: ठसा ओळख पटवितो, चारित्र्याची ग्वाही देत नाही, आणि ताडण्याचा ठसा फाइल देणाऱ्याकडून नव्हे, तर मूळ प्रकाशकाकडूनच घ्यावा.