दीर्घ पाळीतील डबा : पथ्यकल्पनेचा एक व्यावहारिक पाठ

‘ताजे, गरम आणि वेळेवर जेवावे’ हे पथ्य शास्त्रसंमत आहे, याविषयी दुमत नाही. परंतु चाकण किंवा पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात १२ तासांची पाळी करणारा कामगार, रात्रभर वॉर्ड सांभाळणारी परिचारिका, फाटकावर उभा असणारा सुरक्षारक्षक, यांच्या हातात यांपैकी एकही गोष्ट पूर्णपणे नसते. पाळता न येणारे पथ्य हे रुग्णाच्या दृष्टीने न सांगितलेल्या पथ्यासारखेच होय. अम्लपित्त, मलावष्टंभ, स्थौल्य व प्रमेह या तक्रारी घेऊन येणाऱ्या अशा रुग्णांसाठी डब्याची योजना हा चिकित्सेचाच भाग मानावा लागतो. प्रस्तुत लेखात त्या योजनेची दिशा मांडली आहे.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. डब्याविषयी सल्ला देताना आपले लक्ष बहुधा पहिल्यावरच, म्हणजे द्रव्याच्या गुरु-लघुत्वावर, खिळून राहते. दीर्घ पाळीत मात्र निर्णायक ठरतात ते करण आणि काल. तेच मुगाचे वरण शिजताक्षणी लघु व पथ्यकर असते. सात तास कोमट राहून आंबले की ते अपथ्य होते. म्हणून डबा आखताना ‘काय खावे’ या प्रश्नाच्या आधी ‘शिजल्यापासून किती तासांनी खाल्ले जाणार’ हा प्रश्न विचारावा. या लेखाचा मुख्य मुद्दा एवढाच आहे.

रुग्णपरीक्षणात यासाठी पाच प्रश्नांची भर घालावी. पाळी कोणत्या वेळेची? अन्न केव्हा शिजते व कोण शिजवते? डबा कामाच्या ठिकाणी कोठे राहतो? गरम करण्याची वा फ्रिजची सोय आहे काय? जेवणाची सुटी प्रत्यक्षात केव्हा व किती मिळते? सलग ५ तासांपेक्षा अधिक काम न घेता मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना अधिनियमाने घालून दिले होते. तरी रुग्णाला ती विश्रांती खरोखर मिळते का, हे त्यालाच विचारले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्वही कमी नाही. पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला न झेपणारी योजना आठवडाभरही टिकत नाही.

पर्युषित अन्न आणि आजचे ज्ञान

शिळ्या अन्नाविषयी शास्त्राने दिलेला इशारा आज जंतुशास्त्राच्या भाषेतही समजावून देता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षाविषयक सूचनांनुसार शिजलेले अन्न सामान्य तापमानात २ तासांहून अधिक ठेवू नये. गार ठेवायचे तर ५ अंश सेल्सियसच्या खाली आणि गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर ठेवावे. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ‘बॅसिलस सेरियस’ या जंतूची बीजे शिजवूनही टिकतात, आणि कोमट भातात त्यापासून तयार होणारे वांतिकारक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. ‘गरम करून खाल्ले की चालते’ हा समज म्हणूनच पुरेसा नाही.

रुग्णाला सांगण्यासाठी सोपे सूत्र असे : गरम ते खरोखर गरम, गार ते खरोखर गार, आणि दोन्ही शक्य नसेल तर कोरडे. कोमट डबा नको.

तासांनुसार योजना

१) दोन तासांच्या आत खाल्ले जाणारे : नेहमीचे घरचे जेवण चालते. वरण, भात, उसळ, पालेभाजी यांची योजना याच वेळेत करावी.

२) दोन ते सहा तास : ओलसर पदार्थ उष्णतारोधक डब्यातच द्यावेत. डब्यात आधी उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून ते ओतून टाकावे, मग उकळी आलेले वरण वा कढण काठोकाठ भरावे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत झाकण उघडू नये. उघडल्यावर वाफ दिसत नसेल तर तो डबा त्या वेळेसाठी पुरेसा नाही असे समजावे. पोळी-भाकरी जाळीवर गार करून मगच भरावी. अन्यथा वाफेचे पाणी होऊन ती चिकट होते व लवकर बिघडते. सोबतची भाजी कोरडी, परतलेली असावी. ओले खोबरे घातलेले पदार्थ टाळावेत.

३) सहा तासांहून अधिक : येथे आपल्या प्रवासी शिदोरीची परंपरा उपयोगी पडते. दुधात भिजवलेली दशमी, खमंग भाजलेले भाजणीचे थालीपीठ, ज्वारीच्या लाह्या, भाजके पोहे, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी, मेतकूट यांत पाण्याचा अंश कमी असल्याने ते टिकतात. थालीपीठ मात्र त्याच दिवशी संपवावे. दशमीत मीठ घालू नये. दूध व लवण यांचा संयोग वैद्यपरंपरेत वर्ज्य मानला जातो. हे पदार्थ रूक्ष असल्याने घरचे तूप लावून व सोबत कोमट पाणी घेऊन खावेत. चटण्या-लोणच्यांतून मीठ अधिक जाते, हे उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला आवर्जून सांगावे.

मोठ्या एका डब्याऐवजी दोन लहान डबे द्यावेत. एकदा उघडून उष्टावलेला डबा पुन्हा झाकून ठेवण्याची वेळ येत नाही आणि मात्राही आपोआप राखली जाते. कुक्षीचा एक भाग रिकामा ठेवण्याचा नियम बसून काम करणाऱ्याला विशेष लागू आहे.

रात्रपाळीतील विशेष विचार

रात्री जागरणाने रूक्षता वाढून वातप्रकोप होतो, हे चरकसूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात स्पष्ट आहे. रात्री दही निषिद्ध आहे व सातूचे पीठही रात्री खाण्यास मनाई आहे. ‘पौष्टिक’ म्हणून हे दोन्ही रात्रपाळीच्या डब्यात सर्रास दिले जातात, ते थांबवावे.

रात्री ८ ते सकाळी ८ अशी पाळी असल्यास मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी गरम घ्यावे. मध्यरात्रीच्या सुमारास अल्प, लघु व किंचित स्निग्ध आहार द्यावा : तूप लावलेले एक थालीपीठ किंवा लाह्या, आणि थर्मासमधील मुगाचे पातळ कढण. पहाटे भूक लागल्यास मूठभर फुटाणे वा एक फळ पुरे. २०२१ साली ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रात्रपाळीसदृश दिनक्रमात रात्री जेवणाऱ्यांची रक्तशर्करा वाढली, तर केवळ दिवसा जेवणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. सहभागी १९ च होते, म्हणून त्यावरून नियम बांधू नये. पण दिशा आपल्या शास्त्राशी जुळणारी आहे.

सकाळी घरी परतल्यावर भरपेट न्याहारी करून झोपण्याची प्रथा दिसते. वाग्भटाचार्यांनी सवय नसलेल्यास जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोपावे असे सांगितले आहे. झोपेनंतर भूक लागल्यावर ताजे जेवण घ्यावे.

सावधानता

वरील नियम प्रत्येक रुग्णाला लागू करू नयेत. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेही रुग्णाला लंघन सांगणे किंवा रात्रीचे खाणे बंद करणे धोकादायक आहे. वाहनचालक, क्रेनचालक अशा व्यक्तींत तर त्याचा धोका इतरांनाही पोहोचतो. औषध देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय केल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. अशा रुग्णाच्या खिशात साखर असावीच. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपणा जाणवल्यास तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे.

क्षुधा, तृष्णा व मूत्र हे अधारणीय वेग आहेत. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या स्त्रियांची संख्या कमी नाही. त्या आपणहून हे सांगत नाहीत; चिकित्सकाने विचारावे.

उपसंहार

पुढील वेळी दीर्घ पाळीचा रुग्ण आल्यास औषधपत्राच्या मागे दोन वेळा लिहाव्यात : अन्न शिजण्याची व खाण्याची. त्यांतील अंतर मोजून मगच पदार्थ सुचवावा. शक्य असल्यास डबा भरणाऱ्या व्यक्तीलाही बोलावून घ्यावे, कारण पथ्याची अंमलबजावणी तिच्याच हातून होणार असते.