पीयूसी आहे, तरी काळा धूर

प्रश्न : माझा बीएस-४ डिझेल टेम्पो चढावर काळा धूर सोडतो. पीयूसी चालू आहे. तरी काळजी करावी का?

उत्तर : जरूर करावी. पीयूसी फक्त तपासणीच्या दिवशीची स्थिती सांगते. तुमच्या गाडीला ती वर्षभर चालते, तेवढ्यात इंजिन बिघडू शकतं. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. आधी एअर फिल्टर पाहा. तो चोंदला असेल तर थोडक्यात भागेल. नाहीतर इंजेक्टर तपासा. जादा माल भरत असाल तर तेही थांबवा. प्रदूषणाचा नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहेच, पण मला जास्त काळजी मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या मुलांची वाटते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. दुरुस्तीनंतर पुन्हा पीयूसी काढा आणि धुराचा आकडा नीट वाचून घ्या.